माझ्या नावाने गेलेला

नगरमध्ये आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाची एक फरशी बसवलेली आहे. एकाहत्तरच्या लढाईत गल्लीतला एक मुलगा सीमेवर पडला, त्याची ती आठवण. तिच्यावर कोरलेलं नाव माझं आहे. मी कधी लढाईवर गेलो नाही. माझ्या नावाने जो गेला आणि परत आला नाही, तो माझा मित्र होता. त्याच्याविषयी गल्लीतली जुनी माणसं आजही एवढंच सांगतात, की ते पोरगं गुंड होतं आणि आईला टाकून पळून गेलं.

हे खोटं आहे. ते उभं राहिलं माझ्यामुळे आणि टिकलंही माझ्यामुळे. आता त्र्याहत्तर वर्षांचा झालो, म्हणून घडलं तसं लिहून काढतो. यात मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, त्याचंसुद्धा. त्याचं नाव आधी जिथे लिहिलं जायला हवं तिथे लिहिलं जाऊ दे. त्याआधी माझ्या लिखाणात ते वापरायचा हक्क मला नाही.

सत्तर साली आम्ही सहाजण होतो. स्वतःला 'कंपनी' म्हणवून घ्यायचो. लोक टोळकं म्हणायचे, पोलीस त्याहून वाईट काहीतरी. कोणी चार दिवस गॅरेजात जायचा, कोणी आठवडाभर हमाली करायचा, पण टिकून काम कोणी करत नव्हतं. टॉकीजबाहेर ब्लॅकने तिकिटं विकायची, भाजीबाजारात गाडीवाल्यांकडून दमदाटीने काहीबाही उचलायचं, दुसऱ्या वेशीतल्या पोरांशी मारामाऱ्या करायच्या, हाच धंदा. सायकलची चेन कमरेला पट्ट्यासारखी गुंडाळलेली असायची. आज हे ऐकताना माणसं हसतात. ज्या केळीवाल्याची गाडी आम्ही एकदा रस्त्यावर उलटी केली, तो हसला नव्हता. तो खाली बसून चिखलातली केळी धोतराच्या सोग्याने पुसत होता.

माझा मित्र कंपनीचा म्होरक्या नव्हता. बुटका, जाड मानेचा, आणि कायम भुकेला. कोणाच्याही घरी जाऊन 'काय केलंय?' म्हणत चुलीपाशी बसायचा. बाप लहानपणीच गेलेला. आई मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळायची. तंबाखू आणि पानांचं ओझं कारखान्यातून घरी आणायचं काम मात्र त्याने कधी चुकवलं नाही. कमरेला चेन आणि डोक्यावर विडीच्या पानांचा गठ्ठा, असा तो गल्लीतून येताना मला आजही दिसतो. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. दोन घरांत एकच भिंत होती.

कंपनीत कुठलीही वस्तू एकट्याची नसे. सहाजणांत एक टेरिलीनचा शर्ट होता. ज्याला जिथे मिरवायचं असेल त्याने तो घालायचा. चपलांचंही तसंच. आणि पुढे पुढे नावांचंही तसंच झालं.

त्याचं कारण पोलिसांची हजेरी. टॉकीजसमोरच्या एका मारामारीत एकाचं डोकं फुटलं, महिनाभर दवाखान्यात होता. पोलीस आले तेव्हा मी पळालो. पळण्यात मला कोणी गाठू शकत नसे. आमच्यातला सगळ्यात उंच जो होता, तो त्या दिवशी काष्टीला आपल्या गावी गेलेला, म्हणून वाचला. बाकीचे चौघे सापडले, माझा मित्र त्यात होता. केस उभी राहिली आणि चौघांना रोज संध्याकाळी चौकीवर हजेरी लावली. नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं आणि निघायचं. जमादार वहीतून डोकं वर काढत नाही, हे चार दिवसांत पोरांच्या ध्यानात आलं. मग ज्याला काम असेल त्याच्या बदली दुसरा जाऊ लागला.

"आज तू तिकिटं धर, मी जातो तुझ्या नावानं," एवढं म्हटलं की झालं.

एकदा माझ्या मित्राने एकट्याने दोन नावांना ओ दिली. जमादाराने खाली बघतच विचारलं, "दोघांचा आवाज एकच कसा रं?"

"एकाच नळाचं पानी पितो साहेब," हा म्हणाला. जमादार हसला आणि वही मिटली.

त्याच उन्हाळ्यात छावणीच्या मैदानावर सैन्याची भरती निघाली. माझ्या मित्राला जायचंच होतं. देशासाठी वगैरे तो बोलायचा नाही. म्हणायचा, "तिथं दोन येळंला पोटभर घालत्यात. आन पगार आला की आईचं इडीचं सूप चुलीत घालतो." पण भरतीला शाळेचा दाखला लागे आणि पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा कागद लागे. याचं नाव चौकीच्या वहीत, आणि शाळा चौथीत सोडलेली. माझ्याकडे सातवी पासचा दाखला होता आणि वहीत नाव नव्हतं. म्हणून मी आणि तो उंच, असे दोघेच गेलो. खरं तर गंमत म्हणूनच गेलो.

धावण्यात मी पहिला आलो. मग आम्हाला चड्डीवर उन्हात रांगेत उभं केलं. एक हवालदार प्रत्येकाच्या छातीवर मूठ आपटत चालला होता. माझ्यापुढे थांबला, खांदा दाबला, तोंड उघडायला लावलं आणि मागच्या लिहिणाऱ्याला म्हणाला, "ये चलेगा." काष्टीच्या बाजारात बैल घेताना शेतकरी असाच दात बघतो. मी मैदानाच्या फाटकाकडे बघितलं. त्याने माझ्या दंडावर जांभळ्या शाईने नंबर टाकला, हातात चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरी तपासणीला बोलावलं.

संध्याकाळी टॉकीजच्या पायऱ्यांवर मी सांगून टाकलं की मी जाणार नाही. कारण विचारलं तर आईचं नाव पुढे केलं. आई रडते म्हणालो. आईला तर अजून काही माहीतच नव्हतं.

सगळे मला हसले. उंच म्हणाला, "पळतानाच तुजं पाय चालत्यात व्हय रं? उभं ऱ्हायाला न्हाईत?"

माझा मित्र हसला नाही. त्याने माझा दंड धरून तो नंबर नीट बघितला. म्हणाला, "आरं मग मी जातो की तुझ्या नावानं."

"डॉक्टर तपासनार हाय," कोणीतरी म्हणालं.

"तपासू दे. कापडं काढून बघत्यात, नाव काढून न्हाई बघत."

सगळे खो खो हसले. एकाने पानवाल्याकडून जांभळी कॉपिंग पेन्सिल आणली. मी ती जिभेवर ओली करून माझ्या दंडावरचा आकडा त्याच्या दंडावर उतरवला. चिठ्ठी दिली, शाळेचा दाखला दिला, वर्तणुकीचा कागद दिला. शर्ट द्यावा तसा दिला. किती दिवसांसाठी, हे सहाजणांपैकी एकानेही विचारलं नाही. चौकीची हजेरी अर्ध्या मिनिटात संपायची, तशीच ही आम्ही धरली.

तो पास झाला. त्याच्या अंगावरच्या खुणा माझ्या नावापुढे लिहिल्या गेल्या. आठवड्याभरात तो आणि उंच, दोघेही ट्रेनिंगला गेले.

मावशीला कळलं ते तो गेल्यावर. विडीचं सूप हातात घेऊनच ती आमच्या घरी आली. माझी आई भाकरी करत होती.

"तुझ्या पोराच्या नावानं माझं पोर गेलंय म्हनं."

"आगं, नावाचं काय घिऊन बसलीस," माझी आई म्हणाली. "मानूस त्योच हाय न्हवं?"

"न्हाई, येताना माझंच यील न्हवं, येवढंच इच्यारते."

आईने तिला बसायला पाट दिला. वडिलांना हे मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी मला त्या दिवशी मारलं. पण चौकीवर जाऊन खरं सांगायला तेही गेले नाहीत. मी तुरुंगात जाईन, ही भीती त्यांना होतीच.

मी भरती झालो असं घरच्यांनी गल्लीत सांगितलं, म्हणून मी कंपनीतल्या एकाच्या खोलीवर राहून मित्राची हजेरी देऊ लागलो. दोन महिने संध्याकाळी चौकीवर जाऊन त्याच्या नावाला 'हाजिर' म्हणत होतो. मग जमादार बदलला. नवा माणूस वहीत बघायच्या आधी माणसाकडे बघायचा.

"तोंड वर कर," तो म्हणाला.

मी केलं. त्याने वहीतलं वर्णन माझ्याशी ताडून बघितलं.

"त्यो तू न्हवंस."

मी पळालो. चौकीतून जो निघालो तो एस.टी. स्टँडवर, आणि तिथून कोपरगावला मामाकडे. मामा साखर कारखान्यात कामाला होता. त्याने मला दडवून ठेवलं. इकडे माझा मित्र वहीत फरार झाला. पोलीस मावशीच्या दारात आले, भांडी फेकली, पोरगं कुठंय विचारलं. ती काय सांगणार? सैन्यात आहे म्हणावं तर तो पकडला जातो, आणि मीही. ती म्हणाली, "पळाला." त्या दिवसापासून गल्लीत तेच झालं. आईला टाकून पळाला. तिच्याच तोंडून निघालेलं, म्हणून सगळ्यांनी खरं मानलं.

त्याची पत्रं माझ्या घरी यायची. 'तीर्थरूप आईस' म्हणजे माझ्या आईला. वडील वाचून दाखवायचे तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसायची. पत्रात आमची सगळ्यांची चौकशी असे आणि शेवटी एखादी ओळ: 'शेजारच्या मावशीला नमस्कार सांगावा. विडीच्या पानांनी तिची बोटं चिरतात, तरी खोबरेल लावीत जावे म्हणावे.' मावशी ती ओळ दोनदा वाचायला लावी. वडील वाचायचे. नंतर एकदा वडिलांनीच मला सांगितलं, की आपल्या आईला शेजारीण म्हणून नमस्कार लिहिणाऱ्या त्या पोराचं पत्र ते मुद्दाम भराभर वाचायचे.

पहिली सुट्टी मिळाली तेव्हा तो नगरला येऊ शकत नव्हता. कोपरगावला आला. माझी आई मावशीला घेऊन आली. मामाच्या खोलीत त्याच्याभोवती आम्ही बसलो होतो. अंग भरलेलं, केस बारीक, बसणंसुद्धा ताठ. मावशी त्याला भाकरी वाढत होती आणि तो खात होता. थांबत नव्हता.

"तिथं उपाशी ठिवत्यात का रं?" तिने विचारलं.

"पोटभर घालत्यात. पर तिथल्या चपात्या मोजून हुत्यात आई. हितं मोजनारं कोन न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रं, माझं नाव कुठं ठिवलंस?"

"फरार आहे," मी म्हणालो.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुजं मातर लई चांगलं चाललंय गड्या. निशानबाजीत दुसरं आलंय. आता झोपंतबी तुझ्याच नावाला ओ देतो."

जाताना त्याने बेत सांगितला. काही वर्षं नोकरी करायची, तोवर केस निवेल, मग सुटून यायचं आणि चौकीवर जाऊन म्हणायचं, मी आलो, काय ते करा. मावशीला हे पटलं. मलाही पटलं. मरण आमच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि हळूच त्याचं नाव घेतलं. भरती झाल्यापासून त्याने ते तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं असेल.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. एका दुपारी वडील कोपरगावला आले. मी कारखान्याच्या फाटकाशी होतो. ते जवळ आले, माझ्याकडे बघत राहिले आणि मला हात लावून बघितल्यासारखं त्यांनी माझं मनगट धरलं.

"तार आलीया," ते म्हणाले. "तू पडलास म्हनून."

आम्ही दोघं उसाच्या गाड्यांच्या रांगेपाशी खाली बसलो. मी विचारलं, "मावशीला कळलं?"

"तार आली तवा तुझी आई खाली बसली, तिला उठवंना. तारवाल्याला पानी त्या बाईनंच दिलं."

मग त्यांनी मला सांगितलं की नगरला यायचं नाही. तू दिसलास की दोन्ही घरं आत जातील, म्हणाले. ते भिऊन बोलत होते, पण खोटं बोलत नव्हते.

पुढचं मी आईकडून ऐकलं. साहेबलोक घरी आले, माझ्या आईच्या गळ्यात हार घातला. हाराचं ताट धरायला कोणी नव्हतं म्हणून मावशीच्या हातात दिलं गेलं. गल्लीतल्या बायका माझ्या आईला मिठ्या मारून रडल्या. मावशी शेजारीण होती, तिला तेवढंच रडता आलं. दहाव्याला सीनेच्या काठी माझ्या नावाने पिंड ठेवला आणि लगेच कावळा शिवला. भटजी म्हणाले, पोरगं समाधानाने गेलं. मावशी बाजूला उभी होती. ती माझ्या आईच्या कानाशी म्हणाली, "भुकेला हुता. त्यानं नाव न्हाई बघितलं."

पेन्शन आमच्या घरी सुरू झाली. आई त्यातलं निम्मं घेऊन शेजारी गेली, तर मावशीने दार लावून घेतलं. त्यानंतर भिंतीपलीकडून बोलणंही कमी झालं.

लढाई संपल्यावर उंच मला भेटायला कोपरगावला आला. दोघे एकाच पलटणीत होते, एकाच खंदकात. तोफेचा गोळा जवळ फुटला आणि माझ्या मित्राची मांडी गेली. दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर रक्त थांबलं नाही.

"समदे त्याला तुझ्या नावानं हाका मारत हुते," उंच म्हणाला. "ऊठ, डोळं उघड म्हनत हुते. त्यो बघंना. मग मी कानाशी जाऊन त्याचं खरं नाव घेतलं. तवा बघितलं."

"काय म्हणाला?"

"म्हनला, हळू बोल, कुनी ऐकंल."

उंच उठला. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी ती फरशी बसली. पाण्याला जाताना, दळणाला जाताना मावशीला तिच्यापुढून जावं लागे. पोरं फरशीला नमस्कार करत, आणि तिला बघून म्हातारी माणसं म्हणत, एक त्या घरातलं पोर आणि एक या घरातलं. काही महिन्यांत तिने खोली सोडली आणि पाथर्डीकडे, तिसगावला भावाकडे गेली.

बहात्तरचा दुष्काळ मोठा होता. पाथर्डीकडे तर गवताची काडी नव्हती. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. कितीतरी बायका रांगेत बसल्या होत्या, त्यात ती. मला बघून हातोडी खाली ठेवली.

"वाळलास रं," म्हणाली.

बाभळीच्या सावलीला बसून तिने रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे ठेवली. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "एक काम करशील का दादा?"

"सांग मावशी."

"तुला लिव्हता येतं. एक कागद लिव्ह. ह्यो पोरगा हिचा हुता, पळाला न्हवता, लढाईत गेला. खाली तुझी सही कर, खऱ्या नावानं. मी कुनाला दावनार न्हाई. पेटीत ठिवीन. मी गेले की माझ्यासंगं जाळत्याल."

"भावाला तरी सांगितलंस का?"

"सांगितलं तर त्यो जाईल की चौकीवर. तापट हाय. मग तुजं काय हुईल? माझं तर गेलंच. दुसऱ्या आईचं कशाला घालवू?"

मी म्हणालो, "देतो लिहून. आत्ता कागद नाही जवळ."

माझ्या खिशात पेन होतं. कारखान्यातली छोटी वहीसुद्धा होती. चार ओळी लिहायच्या होत्या. पण माझ्या मनात आलं, की खऱ्या सहीचा कागद एकदा हातातून गेला की कुठे जाईल सांगता येत नाही. पेटी कोणी उघडली तर? तोवर मामाने मला रेशनकार्डावर आपला मुलगा म्हणून चढवलं होतं, नवं नाव मिळालं होतं, कारखान्यात कायम होणार होतो.

"बरं," ती म्हणाली. "पुन्हा येशील तवा आन."

वर्षभराने गेलो. तिने विचारलं, मी विसरलो म्हणालो. त्यानंतर गेलो तेव्हा तिने विचारलं नाही. मला बरं वाटलं, हेही इथे लिहायला पाहिजे. मग मी जाणंच सोडलं. तीन वर्षांनी आईचा निरोप आला, की मावशी तापाने गेली आणि चार दिवसही झाले.

त्यानंतर मी पन्नास वर्षं जगलो. लग्न झालं, मुलं झाली, कारखान्यातून निवृत्त झालो. आईवडील गेले. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. मागच्या वर्षी मुलांना बसवून सांगितलं. थोरला म्हणाला, "बाबा, आता उकरून काय मिळणार?" धाकट्या मुलीने मात्र अर्ज टाइप करून दिला.

नगरला सैनिकांची कामं बघणाऱ्या कचेरीत मी तो घेऊन गेलो. कारकून पोरगेला होता, भला होता. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "आजोबा, हे नाव तुमचं म्हणताय, पण या नावाचा माणूस कागदावर मयत आहे. तुम्ही तोच, याचा पुरावा काय?" माझ्याकडे पुरावा नव्हता. साक्षीदार असेल तर आणा, म्हणाला.

सहाजणांपैकी उरलेला एकच होता, तो उंच. नोकरी पुरी करून काष्टीला शेती करत होता. मी गेलो तेव्हा ओट्यावर खाटेवर पडलेला होता. पाय गेले होते. मी अर्ज पुढे धरला. त्याने चष्मा मागवला, सगळं वाचलं.

"लई लवकर आलास," म्हणाला.

त्याने नातीकडून पेन घेतलं आणि साक्षीदार म्हणून सही केली. पलटणीचा नंबर आपणहून लिहिला. मग उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

अर्ज घेतला गेला आहे. वर पाठवला आहे म्हणतात. त्याची एक प्रत घेऊन मी गेल्या महिन्यात तिसगावला गेलो. मावशीचा भाऊ आता नाही. त्याचा मुलगा भेटला, साठीचा, शेतकरी. त्याने पाणी दिलं, खाट टाकली. मी आत्याविषयी विचारलं.

"व्हय, आत्या हुती की. लई राबली बिचारी. मी ल्हान हुतो. तिला एक पोरगं हुतं म्हनं नगरला. गुंड. तिला टाकून पळालं. आमचा बाप लई शिव्या द्यायचा त्याला, तिच्या तोंडावर."

"आणि ती?"

"ती काय, गप. भाकरी थापत ऱ्हायची. एकदा मीबी म्हनलो हुतो, आत्या, तुजं पोरगं चोर हुतं का? माझ्या ताटात भाकरी टाकली आन म्हनली, खा."

मी त्याला कागद दिला. तो हळूहळू, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता. त्याच्या आतेभावाचं नाव आलं तिथे बोट थांबलं. पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

"मग ती बोलली का न्हाई कधी?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

त्याने कागद मांडीवर नीट सपाट केला. मग कागदाची घडी केली आणि आपल्या खिशात घातली. आतून सुनेने विचारलं, "तात्या, चहा ठिवू का?"

"नगं," तो म्हणाला. "ते निघालेत."

मी उठलो.